पागोळ्यांच्या टाकीवर पंप कुठला घ्यावा? आमच्या अर्धा एचपी ओपनवेलचा रिव्ह्यू

पावसाच्या पाण्याच्या टाकीवर पंप बसवायचाय म्हणून दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती एचपी? आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण एचपीवरून पाणी किती उंच चढेल आणि मिनिटाला किती लिटर मिळेल हे कळतच नाही. एक अर्धा एचपीचा पंप पाणी २५ मीटर वर चढवतो पण धार करंगळीएवढी, आणि दुसरा अर्धा एचपीचा धो धो पाणी टाकतो पण सात-आठ मीटरच्या वर जातच नाही, आणि दोघांच्या पाटीवर ०.५ एचपी लिहिलेलं असतं. त्यामुळे मी खालच्या सगळ्या लिखाणात हेड (म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर चढवावं लागतं ते, पाइपातलं घर्षण धरून) आणि लिटर याबद्दलच बोलणार आहे, टाकीतच बुडवून ठेवायचा आमचा ओपनवेल पंप आम्ही त्यावरूनच घेतला आणि तो घेऊन आम्ही खूश आहोत.

आधी आमची जागा सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. घर रत्नागिरी जिल्ह्यात, कौलारू, पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी अंगणाखालच्या १०,००० लिटरच्या टाकीत सोडलंय. छप्पर साधारण ८० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, त्यातलं कौलांवर मुरतं, उडतं ते सोडून ८० टक्के धरलं तर आमच्या छपरावरून मिलिमीटरला ६४ लिटर मिळतात, म्हणजे टाकी भरायला दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर पाऊस पुरे. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, जुलैत दोन दिवस लागून राहिला की टाकी भरून वाहायला लागते. भरण्याची काळजी नाहीच. काळजी एप्रिल-मेची, जेव्हा विहीर तळाला जाते आणि आसपासच्या वाड्यांवर टँकर यायला लागतात. म्हणून आम्ही विहीर चालतेय तोपर्यंत टाकीला हात लावत नाही, मार्चच्या मध्यापासून ती उघडतो आणि पाऊस पडेपर्यंत पुरवतो.

आता १०,००० लिटर, त्यातलं तळाचं न निघणारं पाणी सोडून, अडीच महिने पुरवायचं म्हणजे रोजचे १२० लिटर, त्याच्यावर एक थेंब नाही. हापूसची नवी कलमं, लिंबू, चिकू, कोकम अशी बारा झाडं, त्यांना दिवसाला सहा-सात लिटर आणि चाळीसेक कुंड्यांना लिटर-लिटर. कलमांच्या बुंध्याशी पातेऱ्याचं जाड आच्छादन असेल तर एवढ्यावर ती उन्हाळा काढतात, पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की मग त्यांची तेवढी चिंता राहत नाही. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे ज्या टाकीतून रोज १२० लिटरच काढायचेत तिच्यावर मिनिटाला ६० लिटर फेकणारा एक एचपीचा पंप बसवला तर दोन मिनिटांत दिवसाचं पाणी संपलं, आणि कुणी नळी हातात धरून अर्धा तास झाडांना घालत बसलं तर पंधरा दिवसांचं पाणी गेलं. विहिरीवर मोठा पंप चालतो कारण विहिरीला झरा असतो, टाकीला नसतो.

झाडं आमची घराच्या वरच्या अंगाला आहेत, टप्प्याटप्प्याने, सगळ्यात वरचा बांध अंगणापासून सात मीटर उंच. आई इतकी वर्षं कळशीने पाणी चढवत होती आणि आता तिचे गुडघे ते करू देत नाहीत. त्यामुळे माझी अट एकच होती की पंप आईला एकटीला चालवता आला पाहिजे, पाणी भरा, हवा काढा, व्हॉल्व्ह फिरवा असलं काही नको, बटण दाबलं की पाणी वर.

हेड कसं काढलं ते सांगते, अवघड नाहीये. टाकी अडीच मीटर खोल, ती रिकामी होत आली की पाणी तळापासून उचलायचं, म्हणून अडीच धरायचे. वरचा बांध सात. बांधावर ५०० लिटरची काळी टाकी ठेवली, तिचं तोंड दीड मीटरवर. झाले ११. आता पाइपातलं घर्षण, जे कुणीच धरत नाही आणि सगळ्यात जास्त तेच खातं. आमचा पाइप ४५ मीटर. मिनिटाला ३० लिटर पाणी एक इंची पाइपातून (आतून २१ मिलिमीटर) न्यायचं तर जवळजवळ पाच मीटर हेड नुसतं घर्षणात जातं, तेच सव्वा इंची घेतला तर दीड मीटर. आणि अर्धा इंची बागेची नळी जोडलीत तर विचारूच नका, मिनिटाला २० लिटर न्यायचे म्हटले तरी ३० मीटर नळी २० मीटर हेड खाते, म्हणजे पंप बिचारा सहा मजले पाणी चढवण्याएवढं काम करतोय आणि तुमची बाग सपाट अंगणात आहे! तीच नळी पाऊण इंची घेतली तर तीन मीटरच्या आत. लोक पंप मोठा घेतात, एचपी वाढवतात, आणि नळी तीच अर्धा इंची ठेवतात, मग धार काही वाढत नाही आणि दोष पंपाला. पैसे पाइपात घाला असं मी कळकळीने सांगेन, पाइप एकदाच घ्यायचा असतो.

तर ११ अधिक दीड अधिक एल्बो, व्हॉल्व्ह वगैरेचा एखादा मीटर, आमचं हेड आलं साडेतेरा-चौदा. मग दुकानात जाऊन कॅटलॉग मागितलं. मागितलं की देतात, दुकानदाराकडे प्रत्येक कंपनीचं छापील असतं, त्यात वर हेड मीटरमध्ये आणि खाली त्या त्या हेडला लिटर असा तक्ता असतो. खोक्यावर जे मॅक्स हेड आणि मॅक्स डिस्चार्ज लिहिलेलं असतं ते दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाही, मॅक्स हेडला पाणी शून्य असतं आणि मॅक्स डिस्चार्जला उंची जवळजवळ शून्य. आपलं हेड तक्त्याच्या मधल्या भागात कुठेतरी पडलं पाहिजे. फार मोठ्या हेडचा पंप कमी हेडवर चालवणंही बरं नाही, साधा सेंट्रिफ्यूगल (चाकाच्या फिरण्याने पाणी बाहेर फेकणारा) पंप तसा चालवला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतो, अँपिअर वाढतात आणि मोटर तापते.

घ्यायच्या आधी गावात कोणाकडे काय आहे ते जाऊन बघून आले, आणि खरं शिक्षण तिथे झालं.

सगळ्यात जास्त घरांत टिल्लू, म्हणजे अर्धा एचपीचा सेल्फ प्रायमिंग (बाहेर बसून स्वतः पाणी ओढणारा), किर्लोस्करचा छोटू आणि तसलेच इतर कंपन्यांचे. तीन-चार हजारांत येतो, हलका, दुरुस्ती कुठेही होते. याच्या आत पितळेचा पातळ इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फट अगदी कागदाएवढी, म्हणूनच एवढासा पंप इतकं हेड देतो. पण तीच त्याची अडचण. टाकीच्या तळाशी कौलांची माती, जांभ्याची लाल पूड बसलेली असते, ती फटीत गेली की इंपेलर झिजतो आणि पाणी वर चढेनासं होतं. दुसरं म्हणजे आमचा पंप जूनपासून मार्चपर्यंत बंदच राहणार. पावसाळ्याच्या दमटपणात बिडाच्या बॉडीला आतून गंज चढतो आणि मार्चमध्ये बटण दाबलं की मोटर नुसती हूंऽऽ करते, फिरत नाही. ज्यांना माहितीये ते मागच्या फॅनकडून शाफ्ट स्क्रू ड्रायव्हरने फिरवून मोकळा करतात, काही पंपांच्या शाफ्टला त्यासाठी खाचही दिलेली असते, पण वेळेत बटण बंद केलं नाही तर वाइंडिंग जळतं. आणि तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहितीये. टिल्लूची डिलिव्हरी (पाणी बाहेर पडायची बाजू) कॉक फिरवून बारीक केली की मोटरवरचा लोड वाढतो. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपात कॉक दाबला की लोड कमी होतो, यात उलटं. म्हणजे टिल्लूला थेट ठिबक जोडायचं असेल तर जादा पाणी परत टाकीत सोडणारा बायपास ठेवलाच पाहिजे. आमच्या ठिबकला सगळे ड्रिपर मिळून मिनिटाला तीन लिटर लागतात आणि पंप देणार पंचवीस, बाकीचं जाणार कुठे?

तरी एक सांगते, ओढायला टिल्लू कमी नाही. टाकी अडीच मीटर खोल आहे म्हणून टिल्लू ओढणार नाही असं मला दोघांनी सांगितलं, ते बरोबर नाही. सहा-सात मीटरपर्यंत सक्शन व्यवस्थित होतं, फक्त जोड घट्ट पाहिजेत, फुटव्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपाच्या तळाची झडप) चांगला पाहिजे. ओढत नाही म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा सक्शनच्या जोडातून हवा शिरत असते.

एका घरी मडपंप टाकला होता, उपसायचा असतो तो. पाणी भरपूर, कचरा गेला तरी चालतो, पण उंची नाही. टाकीच्या पातळीतच बाग असेल तर झकास, आमच्या सात मीटरच्या बांधावर त्याचा जीव जातो. प्रेशर पंपही पाहिला, नळ उघडला की आपोआप सुरू होणारा, घरात शॉवरला वगैरे लावतात तो. सोय आहे यात शंका नाही. पण कुठे एक ड्रिपर निघाला किंवा नळीचा जोड सुटला की तो पंप इमानदारीत चालू राहतो आणि रात्रीतून टाकी रिकामी करतो. ज्या पाण्यावर कलमं जगवायची आहेत त्या पाण्याला आपोआप सुरू होणारं काही लावायला माझं मन धजलं नाही.

मग आम्ही घेतला अर्धा एचपीचा आडवा ओपनवेल सबमर्सिबल, टाकीतच बुडवून ठेवायचा. कंपनीचं नाव लिहित नाही कारण किर्लोस्कर, सीआरआय, टेक्स्मो, लुबी, क्रॉम्प्टन सगळ्यांकडे ही जात आहे आणि निवड कंपनीपेक्षा तक्त्यावरून करायचीय. फक्त आयएसआय मार्क बघा, ओपनवेल सबमर्सिबलसाठी आयएस १४२२० असा नंबर पाटीवर असतो.

चालायला कसा आहे? मस्त. पाण्यात असल्यामुळे सक्शनचा प्रश्नच नाही, हवा धरत नाही, आधी पाणी भरावं लागत नाही, आवाज जवळजवळ नाही, अंगणात उभं राहिलं तर पाइपातून पाणी चढल्याचा आवाज येतो तेवढाच. वरची ५०० लिटरची टाकी पंधरा-सोळा मिनिटांत भरते, म्हणजे तक्त्यात लिहिलंय त्याच्या आसपास पाणी खरंच मिळतं. रोज १२० लिटरने ती चार दिवस जाते, म्हणजे पंप चार दिवसांतून एकदा पाव तास चालतो. वीज अगदी नगण्य, एका भरण्याला युनिटचा पाचवा भागही होत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे लाइट जाण्याचा काही नेम नाही, व्होल्टेज पण संध्याकाळी डिम, पण चार दिवसांत पाव तास चांगली लाइट मिळतेच, आई सकाळी बघते, पंखा नीट फिरतोय म्हणजे व्होल्टेज आहे, की बटण दाबते. कमी व्होल्टेजवर मोटर चालवायची नाही हे तिने पक्कं धरलंय.

पंपाने पाणी फक्त वर न्यायचं आणि झाडांना वाटायचं काम उताराने करायचं, ही सगळी रचना मला स्वतःला फार आवडलीये. वरच्या टाकीपासून झाडं दोन ते पाच मीटर खाली आहेत. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर धरतात, म्हणजे आमच्या ठिबकला ०.२ ते ०.५ बारच मिळतं आणि दुकानात सांगतात की ठिबकला एक बार लागतो. लागतो ते छापील लिटर मिळायला. साध्या ड्रिपरचं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतं, म्हणून ०.३ बारला तासाला ४ लिटरचा ड्रिपर सव्वादोन लिटर देतो, शून्य नाही. मग एका झाडाला दोन ड्रिपर लावून दीड तास कॉक उघडा ठेवायचा, काम झालं. वरच्या टप्प्याला प्रेशर कमी म्हणून तिथे एक ड्रिपर जादा. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (प्रेशर कमीजास्त झालं तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर मात्र अशा ठिकाणी घेऊ नका, त्यांना चालायला ठरावीक प्रेशर लागतं. आणि जाळीचा फिल्टर वरच्या टाकीच्या आउटलेटला लावा, १२० मेशचा, आकाराने जरा मोठा म्हणजे अडथळा कमी. एक सुख असं की पावसाचं पाणी मऊ, बोअरच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा क्षार धरतो तो यात धरतच नाही.

आता न आवडलेल्या गोष्टी. सोबत येणारी केबल तीन मीटर, ती टाकीच्या तोंडापाशीच संपते, पुढे जोड मारायलाच लागतो. जोड पाण्याबाहेर, बंद पेटीत घ्या, पाण्यात टेप गुंडाळून जोड ठेवलेले मी पाहिलेत आणि ते बघून पोटात गोळा येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याशिवाय हा पंप लावूच नये, पैसे वाचवायची ही जागा नाही. पंप चालू असताना कुणी टाकीत हात घालायचा नाही, बादली सोडायची नाही. पॅनेल (स्टार्टर आणि कपॅसिटरची पेटी) बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं, भाव विचारताना पॅनेल धरून का सोडून ते विचारा. वजन बरंच आहे, आईला एकटीला वर काढता येणार नाही, नायलॉनची दोरी बांधून ठेवलीये आणि केबलला धरून ओढायचं नाही हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. ज्याची मोटर पाण्याने भरलेली असते त्यात टाकीत सोडण्याआधी स्वच्छ पाणी पूर्ण भरून बूच घट्ट लावावं लागतं, बसवणारा घाईत असेल तर आपण उभं राहून ते बघावं.

आणि सगळ्यात मोठी उणीव, ड्राय रनपासून, म्हणजे कोरडं चालण्यापासून, वाचवायची सोय यात नाही. पाणी संपून पंप उघडा पडला तर सील आणि बुश जातात, मोटर थंड राहत नाही. आम्ही साधा फ्लोट स्विच जोडून घेतला, पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेलं की पंप बंद. पंप तळावर ठेवलेला नाही, दोन चिऱ्यांवर उचलून ठेवलाय म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही. त्यामुळे तळाचं बरंच पाणी वापरात येत नाही, हिशोबात ते वजा धरा. पहिल्या पावसाचं पाणी तर टाकीत घेऊच नका, कौलं धुऊन निघेपर्यंत पन्हळीचं तोंड बाहेर वळवून ठेवायचं.

बंद काळात जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवतो, वरून येणारं पाणी परत टाकीतच सोडून. आई कालनिर्णयवर संकष्टीला खूण करून ठेवते, चुकत नाही.

खर्च म्हणाल तर पंप साडेसात हजारांच्या आसपास, पॅनेल, आरसीसीबी, फ्लोट आणि वायरमनची मजुरी मिळून अजून जवळपास तेवढेच, पाइप आणि वरची टाकी वेगळी. दुरुस्तीला जिल्ह्याच्या बाजारात रिवाइंडिंगवाले आहेत, सील-बुश मिळतात, पण घ्यायच्या आधी जवळच्या मेकॅनिकला विचारा की तो कुठल्या कंपनीचे पार्ट ठेवतो, तीच घ्या.

सपाट अंगण, हजार-दोन हजार लिटरची टाकी आणि वीस-पंचवीस कुंड्या एवढंच असेल तर मात्र हा पंप घेऊ नका. त्याला फवारणीच्या बॅटरी पंपात असतो तो १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप घ्या, मिनिटाला चार-पाच लिटर देतो, म्हणजे ठिबकला जेवढं हवं तेवढंच, स्वतः पाणी ओढतो, थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही, आणि बॅटरीवर असल्यामुळे लाइटची वाट बघायला नको. सलग तासन् तास चालवला तर तापतो, म्हणून मध्ये थांबवत चालवायचा, आणि सक्शनला बारीक जाळी लावायची. शेजारच्या काकूंची मोगऱ्याची रांग आणि तोंडलीचा मांडव त्याच्यावरच चाललाय, बॅटरीला छोटं सोलर पॅनेल जोडलंय त्यांनी.